आम्हाला मात्र : एका जोडप्याच्या भयपटांच्या वहीचा अभ्यास

वही माझ्याकडे आली तेव्हा तिच्यात ४१ सिनेमे होते. दोनशे पानी, लांबट, निळ्या पुठ्ठ्याची, अप्पा बळवंत चौकात मिळते तशी. एका सिनेमाला एक पान. वर नाव आणि तारीख, खाली दहा-बारा ओळींचं परीक्षण, तळाला पाचपैकी तारे. अक्षर पहिल्या पानापासून एकाच हाताचं, वळणदार आणि ठाम. ४१व्या पानावर मात्र तीनच ओळी आहेत. चौथी ओळ दोन शब्दांवर थांबते: ‘आम्हाला मात्र’. पुढे पान कोरं.

ते पान कोरं का राहिलं आणि नंतर काय झालं, ते इथे सविस्तर लिहिते आहे. वहीच्या दोन्ही मालकांनी परवानगी दिली आहे. नावं देत नाही.

मी कोथरूडमध्ये महिन्यातून एकदा चित्रपट रसग्रहणाचा छोटा गट चालवते. हे दोघं दोन वर्षांपासून गटात येतात आणि मला काकू म्हणतात. तो चाकणच्या एका कारखान्यात सुट्या भागांची गुणवत्ता तपासतो, ती सहकारी बँकेत आहे. तो चिपळूणचा, ती सातारा जिल्ह्यातल्या ऊसपट्ट्यातली. लग्नाला आठ वर्षं झाली, मुलगी चार वर्षांची. राहतात कर्वेनगरला. जमेल त्या शुक्रवारी मुलगी झोपली की साडेदहाला दिवे मालवायचे, आवाज बेताचा ठेवायचा आणि एक भयपट बघायचा, हा त्यांचा २०२२पासूनचा नेम. सिनेमा संपला की लगेच वही. तो बोलणार, ती लिहिणार, कारण तिचं अक्षर चांगलं.

या शेवटच्या वाक्यावर मी बराच वेळ अडले होते.

२०२४च्या जुलैमध्ये एका शुक्रवारी त्यांनी ‘लपाछपी’ लावला. विशाल फुरिया यांचा २०१७चा मराठी सिनेमा, पुढे त्यांनीच हिंदीत ‘छोरी’ या नावाने पुन्हा केला. कर्ज देणाऱ्यांच्या भीतीने एक तरुण जोडपं शहर सोडतं. बायको आठ महिन्यांची गरोदर. ड्रायव्हर त्यांना आपल्या गावच्या घरी घेऊन जातो. घर उसाच्या मधोमध, आणि घरात ड्रायव्हरची बायको, जी या मुलीची फार काळजी घेते. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी एवढंच सांगते की त्या घराला मुलगी नको असते, आणि सगळी भीती तिथून येते.

पाऊण तास झाल्यावर त्याने सिनेमा थांबवून लाह्या फोडल्या आणि येता येता म्हणाला, “आता ही बाई उलटणार बघ.” ती उठली, ओट्यापाशी गेली आणि आधीच घासलेली दोन पातेली पुन्हा घासून आली. त्याच्या ते लक्षात होतं, पण पातेली राहिली असतील असं त्याला वाटलं. सिनेमा संपल्यावर त्याने सांगायला सुरुवात केली: मांडणी चांगली, उसाचा वापर छान, दुसऱ्या भागात रेंगाळतो. मग म्हणाला, “आम्हाला मात्र भीती अशी वाटलीच नाही.” तिने पहिले दोन शब्द लिहिले, पेनाला टोपण लावलं आणि झोपायला गेली.

पुढचे चार शुक्रवार वही उघडली नाही. भांडण झालं नाही. ती दमले म्हणायची, तो बरं म्हणायचा. पाचव्या आठवड्यात गट संपल्यावर खुर्च्या आवरताना तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “काकू, हिला बहुतेक भुताचे सिनेमे झेपेनासे झालेत. विनोदी भूतवाले सुचवा ना काही.”

त्याचं निदान असं होतं की बायको घाबरट झाली. त्यात त्याचा दोष मी मानत नाही. भयपट एकत्र बघण्याची जी रीत आपण सगळे घेऊन बसलोय, तीच हे सांगते. थिएटरात मुलीने दचकून हात धरायचा आणि मुलाने हसायचं. अमेरिकेत डॉल्फ झिलमन आणि सहकाऱ्यांनी १९८६मध्ये यावर एक प्रयोग केला होता. सोबतची मुलगी भेदरलेली दिसली तर मुलांना तोच भयपट जास्त आवडला, आणि सोबतचा मुलगा भेदरलेला दिसला तर मुलींना तो कमी आवडला. म्हणजे पडद्यावर जे चाललंय त्याच्याइतकंच शेजारच्या खुर्चीतलं नाटकही आपण बघत असतो. या जोडप्याने ते नाटक घरी आणलं होतं, आणि शिवाय त्याची नोंद ठेवायला एक वही केली होती.

मी वही मागून घेतली. तिला विचारलं, ती म्हणाली, “न्या. त्यात माझं काही नाही.”

दोन रात्री मी ती वाचली. परीक्षणं वाईट नाहीत, हे आधी सांगते. त्याची नजर तयार आहे. सुटा भाग तपासावा तसा तो सिनेमा तपासतो: जोड कुठे दिसतो, आवाज कुठे आधी येतो, कुठल्या दृश्यात प्रकाशाची दिशा चुकली. ‘सायको’च्या पानावर त्याने न्हाणीघरातल्या दृश्याबद्दल चांगलं लिहवून घेतलंय. ते दृश्य दोघांनी आधी आवाज बंद करून आणि मग आवाजासकट पाहिलं. बर्नार्ड हर्मन यांनी त्या सिनेमाचं सगळं संगीत फक्त तंतुवाद्यांवर केलं आहे, आणि दिग्दर्शक हिचकॉकना मुळात हे दृश्य संगीताशिवाय हवं होतं. आवाज बंद केल्यावर खून दिसतो, पण अंगावर येत नाही. हा प्रयोग मी नंतर गटातही करून घेतला.

पण ४१ पानांत ‘आम्हाला’ हा शब्द मी मोजला, तो १३६ वेळा आला आहे. ‘मला’ एकदाही नाही. आणि दुसऱ्या रात्री, चष्मा बदलून बसल्यावर, मला ठिपके दिसले.

पेन्सिलीचे. समासात, अगदी बारीक, पेन्सिल टेकवून उचलावी एवढेच. काही पानांवर एक, काहींवर तीन, बऱ्याच पानांवर एकही नाही. ४१पैकी १७ पानांवर. आधी वाटलं वहीचेच डाग असतील. मग ठिपका असलेली वाक्यं मी एका कागदावर एकाखाली एक उतरवली. ‘सासूचं पात्र अनावश्यक.’ ‘ती दार का उघडत नाही हे पटत नाही.’ ‘बाळ रडण्याचा प्रसंग लांबला.’ ‘घरातले प्रसंग कमी करून जंगलातले वाढवायला हवे होते.’ ‘आम्हाला आई जास्तच संशयी वाटली.’

भुताच्या वाक्यांजवळ ठिपका नव्हता. रक्ताच्या, कापलेल्या हातांच्या, उलट फिरणाऱ्या मुंड्यांच्या वाक्यांजवळही नव्हता. १७पैकी १२ पानांवरचे ठिपके घराशी, घरातल्या माणसांशी किंवा घरात अडकलेल्या बाईशी बांधलेले होते.

तिला एकटीला गाठून मी वही पुढे ठेवली आणि ठिपक्यावर बोट ठेवलं. तिने बराच वेळ बोटाकडे पाहिलं. “तिथे मला तसं वाटलं नव्हतं,” म्हणाली. मग बोललीस का नाही? “तो इतकं छान सांगत असतो. आणि लिहिताना मधेच थांबलं की त्याची लिंक तुटते.”

तिला भयपट झेपत नाहीत ही गोष्ट तर पहिल्या पाच मिनिटांतच मोडीत निघाली. शाळेत असताना गावच्या वाचनालयातून तिने नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांची मिळतील ती सगळी पुस्तकं आणून वाचली होती, वीज गेल्यावर कंदिलात, आजीचा ओरडा खात. या दोघांपैकी भयकथेचा मुरलेला वाचक तीच होती. त्याने पहिला भयपट कॉलेजच्या वसतिगृहात, मित्रांनी पैज लावली म्हणून पाहिला होता.

मग ‘लपाछपी’बद्दल ती बोलली. ते इथे तिच्याच शब्दांत जमेल तेवढं देते.

“काकू, ऊस शहरातल्या माणसाला हिरवा दिसतो. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो. वाढला की चार सऱ्यांपलीकडचा माणूस दिसत नाही. भर दुपारी हाक मारली तर आवाज कुठून येतोय कळत नाही, आणि पात अंगाला कापत जाते. तो उसाचा वापर छान म्हणाला. मी त्या उसात लहानपणी हरवलेय. पण ते जाऊ दे. ती बाई आहे ना, वाढणारी, मायेने बोलणारी, मला तिची भीती वाटली. माझ्या आईच्या मावशीचं नाव नकुसा होतं.”

सातारा जिल्ह्यात हे नाव खूप जणींना मिळालं. मुलगी नको होती, म्हणून नकुसा, नकोशी. २०११च्या ऑक्टोबरमध्ये तिथे अशा २८५ मुलींना समारंभाने नवीन नावं दिली गेली. महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानावर १९८८मध्ये, देशात सगळ्यांत आधी कायदा केला, केंद्राचा कायदा १९९४मध्ये आला. कायदा आणि नवीन नाव मिळूनही बोलण्यातली सवय मागे राहते, ती कुठे राहते ते तिने पुढच्या वाक्यात सांगितलं.

त्यांची मुलगी झाली, बारसं झालं. पुण्यातच, हॉलवर. त्याच्याकडच्या एका वयस्क बाईंनी बाळाला मांडीवर घेतलं, फार प्रेमाने दृष्ट काढली आणि हिच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, “पहिली बेटी धनाची पेटी. पुढच्या खेपेला बघू हो.” सगळे हसले. तोही हसला. सिनेमातली बाई जेवणाचं ताट पुढे करते तेव्हा हिला गालावर तो हात जाणवला, आणि ती ओट्यापाशी गेली. परत आल्यावर नवरा सांगत होता की भीती अशी वाटलीच नाही. आणि ते वाक्य तिने तिच्या अक्षरात लिहायचं होतं.

मी समुपदेशक नाही. नवरा-बायकोच्या मधे पडण्याचं माझं शिक्षण नाही आणि तशी इच्छाही नाही. मला परीक्षणाबद्दल बोलता येतं. म्हणून मी दोघांना बसवून फक्त लिहिण्याची पद्धत बदलायला सांगितली. तोच सिनेमा पुन्हा बघा, मधे थांबवू नका. संपल्यावर एकमेकांशी न बोलता वेगळ्या खोल्यांत जा आणि वीस मिनिटं ज्याचं त्याने लिहा. तारे शेवटी. ‘आम्हाला’ लिहायचं नाही. आणि तीन गोष्टी सांगायच्याच: कुठे भीती वाटली, तेव्हा शरीरात काय झालं, आणि आधी असं कधी वाटलं होतं.

शरीराचा प्रश्न मी मुद्दाम घातला. दचकणं आणि घाबरणं यांत गल्लत होते. मोठा आवाज झाला की सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आतच पापणी मिटायला लागते, मग मान आत जाते. विचार तिथवर पोचलेलाही नसतो. कुठलाही दिग्दर्शक आवाज वाढवून हे करवून घेऊ शकतो. भीती सावकाश येते, पोटात येते, तळव्यात येते, आणि सिनेमा संपल्यावर आपल्याबरोबर घरात फिरते. आपलं परीक्षण बहुतेक वेळा दचकण्यांची मोजदाद असतं. त्याच्या वहीत ‘एकूण ६ धक्के’ अशा नोंदी होत्या.

ऑगस्टच्या दुसऱ्या शुक्रवारी त्यांनी ‘लपाछपी’ पुन्हा पाहिला. तिचा कागद अडीच पानांचा. बारशाचा प्रसंग त्यात होता, तारखेसकट. त्याचा कागद पाऊण पान, अक्षर किरटं, आणि त्यात हे होतं:

“पहिल्या वेळी मी त्या नवऱ्याकडे बघितलंच नव्हतं. कर्ज त्याचं. कुठे जायचं ते तो ठरवतो. तिला वाटतं काहीतरी चुकतंय, तर तो समजूत काढतो. तो वाईट नाही, म्हणून मला तो दिसला नाही. शरीरात काही झालं नाही. आत्ता लिहिताना कान गरम झालेत.”

कागद एकमेकांना दिले. तो बारशाचा प्रसंग वाचून म्हणाला की त्याला तो आठवतच नाही. ती म्हणाली, ते खरं आहे हे मला माहीत आहे. त्या रात्री पुढे काय बोलणं झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पहाटे तीनपर्यंत दिवा चालू होता एवढं ती म्हणाली.

नंतरचे दोन शुक्रवार मात्र नीट गेले नाहीत, आणि हे लिहिणं आवश्यक आहे. तो आता चुकू नये म्हणून लिहू लागला. प्रत्येक सिनेमात त्याला बाईची घुसमट दिसायला लागली, अगदी अवकाशयानातल्या भयपटातसुद्धा. तिसऱ्या वेळी तिने त्याचा कागद वाचून परत दिला आणि म्हणाली, “माझ्यासाठी घाबरू नकोस रे. तुला कशाची भीती वाटते ते लिही.” हा मला सगळ्या प्रकरणातला सर्वांत धीट क्षण वाटतो. त्याचं ‘आम्हाला’ गेलं होतं, पण त्या जागी त्याने तिचं ‘मला’ आणून बसवलं होतं. त्याचं स्वतःचं अजून कुठेच नव्हतं.

ते सापडलं सप्टेंबरमध्ये, ‘तुंबाड’ पाहताना. ‘तुंबाड’ मूळ २०१८चा. २०२४च्या सप्टेंबरमध्ये तो पुन्हा थिएटरांत लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा मोठी गर्दी झाली. मुलीला आजीकडे ठेवून हे दोघं सिटी प्राइडला गेले. राही अनिल बर्वे यांच्या या सिनेमाचं मूळ नारायण धारपांच्या कथेत आहे, त्यामुळे ती आधीपासून हरखलेली. तिच्या कागदावर पहिलीच ओळ: “मला भीती वाटली नाही. इतकं देखणं ओलं काळं मी कधी पाहिलं नव्हतं.” लोभाची गोष्ट तिला ओळखीची आणि म्हणून जवळपास सुखाची वाटली. तुंबाड आणि पुणे यांच्यामधला नायकाचा प्रवास, साखळदंडाने बांधलेली म्हातारी, सगळ्यावर तिने भरभरून लिहिलं. पाचपैकी पाच.

हाच सिनेमा त्या दोघांनी २०२२मध्ये घरी पाहिला होता. वहीत चौथं पान आहे. त्यावर लिहिलंय: ‘पावसाचं वातावरण छान जमलंय, आम्हाला फार आवडलं.’ ठिपका नाही.

या वेळी त्याने लिहिलं की पहिल्या दहा मिनिटांत त्याला उठून जावंसं वाटलं. भुतामुळे नाही. त्या सिनेमात पाऊस थांबत नाही. पावसासाठी ते कित्येक पावसाळे चित्रीकरण करत राहिले, आणि तो पाऊस खरा आहे हे कोकणातल्या माणसाच्या कानाला लगेच कळतं. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात घुसलं तेव्हा हा कर्वेनगरला होता. आई-वडील तिकडे. पहाटे वडिलांचा फोन आला की पाणी जिन्याच्या चौथ्या पायरीवर आहे. मग फोन लागेनात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं की ते शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर सुखरूप आहेत. मधल्या वेळात त्याने काय केलं? मोजलं. एका पायरीची उंची सात इंच, तासाला पाणी किती चढत असेल, वरचा मजला किती फुटांवर. रात्रभर कागदावर हिशेब केला. बायको शेजारी बसलेली. तिने विचारलं तर तो म्हणाला, काही होत नाही.

“तेव्हापासून पत्र्यावरचा पाऊस ऐकला की माझे तळवे गार पडतात,” त्याने लिहिलं. “मी हे दोन वर्षांपूर्वी ‘वातावरण छान’ असं सांगितलं होतं.” तारे दिलेच नाहीत.

थिएटरबाहेर, पार्किंगमध्ये, गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून हे वाचणं झालं. तिने मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज बदलला होता. “काकू, मला वाटायचं त्या वहीत मी नाही. तोपण नव्हता.”

डेन्मार्कमधल्या आरहूस विद्यापीठाच्या संशोधकांनी एका भुताटकीच्या खेळघरात ११० जणांना हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं लावून पाहिलं होतं. २०२०मध्ये ते प्रसिद्ध झालं. भीती फार कमी असली तर मजा नाही, फार जास्त असली तरी नाही, मधे कुठेतरी एक जागा असते. मला त्यात हे दिसतं की ती मधली जागा ज्याची त्याची असते. तिला जिथे खुर्चीत रेलून बसता आलं तिथे त्याचे तळवे गार पडले, आणि त्याने ज्या बाईच्या प्रवेशाला लाह्या फोडल्या तिथे तिला खोलीतून उठावं लागलं. दोघांचे तारे जोडून सरासरी काढली तर त्यातून सिनेमाबद्दलही काही कळत नाही. परीक्षकाने आपण कुठल्या घरातून, कुठल्या पावसातून आलो ते सांगितलं की वाचकाला त्याचे तारे वाचता येतात, हे मी गटात आता पहिल्याच दिवशी सांगते.

वही अजून चालू आहे. पान आता उभी रेघ मारून दुभागलेलं असतं. डावीकडे तिचं वळणदार, उजवीकडे त्याचं किरटं. तारे क्वचितच जुळतात. ४१वं पान त्यांनी फाडलं नाही आणि पूर्णही केलं नाही. शुक्रवार कधीकधी चुकतो, कारण मुलगी आता उशिरा झोपते आणि दाराच्या फटीतून विचारते की तुम्ही कशाला घाबरताय.

गेल्या महिन्यात मी ती पुन्हा चाळायला घेतली. ५८व्या पानावर तिच्या बाजूला, समासात, पेन्सिलीचा एक ठिपका होता. या वेळचा जरा जाड, दाबून दिलेला. तिला दाखवला तर ती म्हणाली, “हो, पाहिलाय मी. शुक्रवारी विचारणारे त्याला.”